खंडेनवमीला घासलेली फटफटी

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. आखाडा बाळापुरात कुणालाही विचारा, शालूबाईच्या तोंडी लागू नका असंच सांगतील. पण ह्याच बाळापुरात, माझ्याच अंगणात, एका बाईपुढं मी आ वासून बसले व्हते अन् तोंडातून शब्द फुटत न्हवता. रूपाबाई तिचं नाव. तिचं सांगायचं तर आधी माझा गाढवपणा सांगावा लागतो. सांगते. इतक्या वर्षांनी लाज धरून कुणाचं भलं व्हणार?

दुसऱ्या लढाईच्या आदल्या सालची गोष्ट. निजामाचं राज व्हतं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, बाळापूरच्या पाटलाचा लेक, कापूस विकायला नांदेडला गेले अन् तिथल्या एका दुकानात त्यांना एक चित्र दिसलं. फटफटीवर बसलेली गोरी मडम. लाल ओठ, वाऱ्यावर उडालेले केस, उंच टाचेचे बूट, अन् हसून अशी राहिली की जणू मालकांची जुनी वळख. खाली इंग्रजीत काही लिहिलं व्हतं. दुकानदारानं अर्थ सांगितला म्हणे, इतकी सोपी गाडी की बाईमाणूससुद्धा चालवील. झालं. मालक ते चित्र काखेत मारून घरी आले, अन् महिन्याभरात हिंगोलीचा एक साहेब बदलून चालला व्हता त्याची जुनी फटफटी घेऊन आले. चित्र ओसरीत डकवलं. आल्यागेल्याला आधी मडम दाखवायची, मंग फटफटी.

मी त्या मडमेवर लई जळले. भाकरी थापता थापता ती समोर दिसायची. एवढी लोखंडी गाडी चालवती अन् बोटाला डाग म्हणून न्हाई, असं मी मालकांना म्हणले, तर ते म्हणले, शालू, ती चित्रातली हाय. मी म्हणले, मंग चित्रातल्या बाईला एवढं कौतिकानं काहून बघता? त्या दिवशी त्यांना भाजीत मीठ जरा जास्तच पडलं.

फटफटी एक हंगाम चालली. मंग एक दिवस कळमनुरीच्या रस्त्यावर थांबली ती थांबलीच. बैल जुंपून घरी ओढून आणली तवा सगळं गाव वेशीत उभं राहून हसलं. एक मिस्त्री आला, दोनदा चहा प्याला, चार लाथा घातल्या अन् गेला. दोन वर्सं ती गोठ्याच्या पडवीत पडून व्हती. कोंबडी तिच्याखाली अंडी घालायची.

आता रूपाबाई. ती गावाशेजारच्या तांड्यावरची. तिचा नवरा धनसिंग हिंगोलीच्या एका जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तेलाच्या इंजिनावर व्हता. ती त्याच कारखान्यात कापूस टाकायच्या कामावर. पण दुपारची सुट्टी झाली की बाकीच्या बाया सावलीला अन् ही इंजिनापाशी. आठ वर्सं. धनसिंगाचा हात जाड, आत जायचा न्हाई. मंग तो कंदील धरायचा अन् ही हात घालायची. इंजिनाला कान लावून कुठं काय दुखतं ते ती त्याच्या आधी सांगायची. त्या सालच्या श्रावणात धनसिंगाला ताप आला अन् तिसऱ्या दिवशी तो गेला. कारखान्याच्या शेठनं राहायची खोली रिकामी करून घेतली. दंडावरचा पांढरा चुडा उतरवून, दोन पोरी काखेला मारून रूपाबाई तांड्यावर परत आली.

तिचा दीर बाबूसिंग माणूस वाईट न्हवता. माझ्या दारात रहा, शेण काढ, भाकर खा म्हणला. तिला भाकर नको व्हती असं न्हाई, पण तिला इंजिन पाहिजे व्हतं. दोनदा ती पायी हिंगोलीला जाऊन शेठच्या दारात उभी राहिली. शेठनं दोनदा हाकलली. इंजिन म्हणजे चूल न्हवं, म्हणला.

भादव्यात ती आमच्या रानात निंदायला आली. दुपारी पाणी प्यायला गोठ्याकडं वळली अन् फटफटीपाशी थांबली. कोंबडी उठवली, अंडं बाजूला ठेवलं, अन् ओढणीच्या पदरानं गाडीचं पोट पुसून बघत बसली. मी ओरडले, ए रूपा, पाणी प्यायचं तर पी, वस्तूला हात लावू नको. ती उठली. मालकांना म्हणली, ही मेली न्हाई, हिचं नरडं चोंदलंय अन् आतलं कायबी हलेना झालंय.

मालकांना जुगाराचा नाद न्हवता, पण गमतीचा व्हता. कापसाचं बोलायला हिंगोलीला गेले तवा त्यांनी शेठला ही गोष्ट सांगितली. शेठ पोट धरधरून हसला. मंग म्हणला, बरं, त्या बाईनं ती मेलेली फटफटी जित्ती केली अन् स्वतः चालवत खंडेनवमीच्या दिवशी पूजेच्या आत माझ्या दारात आणली, तर यंदा इंजिनापुढं नारळ तीच फोडील. त्या कारखान्यात रीतच तशी व्हती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला यंत्राची पूजा, अन् जो नारळ फोडील त्याच्या हाती सालभर इंजिन. न्हाई आली तर दसऱ्याला दुसरा माणूस येणार व्हता. म्हणजे रूपाबाईचं सगळं त्या एका दिवसावर येऊन ठेपलं. इंजिन न्हाईतर दिराचं दार.

घटस्थापनेच्या दिवशी ती फटफटीच्या कामाला आली. ओसरीतलं चित्र तिला पयल्यांदा दिसलं. मला वाटलं, लाजंल. ती कितीतरी वेळ बघत राहिली अन् मंग मला म्हणली, हिला कुणीतरी उचलून बसवलंय बाई, गाडी तर घोडीवर उभी हाय. अन् साखळी उघडी हाय, चालली असती तर हिचा झगा पयल्या फेऱ्यातच आत गेला असता. मी जाऊन बघितलं. खरंच की, खाली घोडीचा टेकू अन् मागचं चाक जमिनीपासून अधांतरी. दोन वर्सं मी त्या बाईवर जळत व्हते अन् ती जागची हलत न्हवती! त्या दिवसापासून मी पाटीभर भांडी घासायची सोडून गोठ्यात जाऊन बसायला लागले.

आधी तिला चालवायला शिकायचं व्हतं. मालकांनी बंद गाडीच खळ्याच्या वरच्या अंगाला न्हेली अन् उतारावरून सोडून दिली. पयल्यांदा ती कडब्याच्या गंजीत गेली. दुसऱ्यांदा बाभळीत. तिसऱ्यांदा वढ्यापर्यंत सरळ गेली अन् थांबवून खाली उतरली. गुडघ्यातनं रगत येऊन राहिलं अन् बाई हसून राहिली.

मंग तिनं गाडी खोलली. अन् हितं तिची रीत सांगितली पाहिजे. पूर्वी ह्या तांड्याचे लोक बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य-मीठ मुलुखभर न्यायचे. मुक्कामाला उतरले की जी गोणी पयली उतरली ती ओळीत पयली, शेवटची ती शेवटी, अन् सकाळी उलट्या टोकानं लादायला सुरवात. शंभर बैलांचा तांडा असला तरी कुणाची गोणी कुणाच्या पाठीवर जायची न्हाई. रूपाबाई हे आजीकडून शिकलेली. तिनं गोठ्याच्या पडवीत आपली भरतकामाची चादर अंथरली अन् एकेक नट, एकेक स्प्रिंग जशी निघंल तशी ओळीनं लावत गेली. लिहिता येत न्हाई तर ध्यानात कसं ठेवती, मी विचारलं. म्हणली, नावं देते. आजाच्या तांड्यातल्या बैलांची नावं तिला सगळी पाठ. हा मोऱ्या, हा चांद्या, ही खिलारी जोडी, हा मागं राहणारा लंगडा. सगळ्यात शेवटी पितळेचं एक बोंड निघालं, हरभऱ्याएवढं, मधून केसाएवढं भोक. पेट्रोल तिथून जायचं. त्याला ती वासरू म्हणायची.

आठ दिवस ती सकाळी यायची अन् दिवस कलला की पोरींकडं तांड्यावर जायची. घासलेटात बुडवून बुडवून सगळं धुतलं, गंज काढला, वासराच्या भोकातून बैलाच्या शेपटीचा केस घालून साफ केलं. अष्टमीच्या सांजेला सगळं तयार व्हतं. तेल लावून, ओळीत मांडून, वरून फडकं टाकून ती गेली. उद्या पहाटे येते, तीन तासात जोडते अन् निघते, म्हणली.

अन् मी? मी पहाटे तिच्या आधी उठले.

खंडेनवमी व्हती. आमच्यात खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड घासायचं. विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं राखेनं-चिंचेनं लख्ख करून, हळदकुंकू लावून पाटावर मांडायचं. अन् पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा न्हाई, हत्यारालाबी एक दिवस इसावा. मी खुरपी गोळा करत करत गोठ्यात गेले, फडकं उचललं. ते सगळं काळं, ओशट, तेलानं माखलेलं. माझ्या मनात काय आलं ते देवाशपथ सांगते, वाईट काही आलं न्हाई. उलट वाटलं, हिचं काम आज फत्ते व्हायचंय, अन् हिची हत्यारं अशी पारोशी? बिचारी विधवा बाई, तिच्या हातून पूजा कोण करून घेणार? आपणच करू. मी सगळं सुपात भरलं, विहिरीवर न्हेलं अन् राखेचा बोळा घेऊन बसले. एकेक तुकडा असा घासला की तोंड दिसावं. पितळेचं ते बोंड तर सोन्यावाणी चमकलं. मला ते इतकं आवडलं की ते मी देवघरात घटापुढं न्हेऊन ठेवलं, वर झेंडूचं फूल वाहिलं.

उजाडता उजाडता रूपाबाई आली. मी हौसेनं तिला अंगणातल्या पाटापाशी न्हेलं. म्हणले, बघ रूपा, कसं दिसून राहिलं!

ती बघतच राहिली. सगळा ढीग, कुठला नट कुठला, काही पत्ता न्हाई. फटीफटीत राख. वरून हळदकुंकू. तिच्या तोंडावरचा रंग उतरला तवा मला कळलं की मी काय करून बसले. करायला गेले एक अन् झालं भलतंच. मी तोंडातल्या तोंडात म्हणले, मी पूजा केली.

ती वरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तर वरडले असते, अन् शिव्यांनी सगळी आळी गोळा केली असती. ती पाटापुढं खाली बसली. तिनं एवढंच विचारलं, आता ह्याला हात लावला तर चालंल का बाई? पूजलेलं हत्यार त्याच दिवशी उचलायचं न्हाई, हे माझ्या सासूनं मला सांगितलेलं, तिला तिच्या सासूनं. ती विचारून राहिली अन् माझ्याच पाटावर तिचं सगळं अडकलं व्हतं.

मंग मी पदर हातात घेतला अन् कुंकू पुसलं. एकेका तुकड्यावरचं. देवीला म्हणले, जे काय व्हायचं ते माझं होऊ दे.

रूपाबाईनं घासलेट मागितलं. सगळं पुन्हा धुतलं, तीनदा, राखेचा कण राहू दिला न्हाई. पुन्हा तेल लावलं. मंग तिनं डोळे मिटले. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, कुणी सांगितलं असतं तर मी त्याला येड्यात काढलं असतं. डोळे मिटून ती एकेक तुकडा हातात घ्यायची, अंगठ्यानं त्याची धार, त्याचा झिजलेला भाग चाचपायची, अन् हळूच बैलाचं नाव घ्यायची. मोऱ्या. बाजूला ठेवायची. दुसरा घ्यायची. लंगडा. न्हाई, थांब. तो परत खाली. चांद्या. मी म्हणले, सगळे नट एकसारखे दिसतात, तुला कसं कळतं? ती डोळे न उघडताच म्हणली, वापरलेल्या लोखंडाला शेजार असतो बाई, जिथं झिजलं तिथंच ते नीट बसतं.

मी मांडी घालून तिथंच बसले. चूल पेटवायची राहिली, घरात लेकरं जेवायची थांबली, पण मला उठवंना. ढिगातून ओळ व्हत गेली. पयली थोडी, मंग लांब, मंग पूर्ण चादरीभर. जशीच्या तशी. न लिहिता, न वाचता, एका बाईच्या बोटांत अन् बैलांच्या नावांत एवढी गाडी बसलेली! मी किती भागवतं ऐकली, किती कीर्तनं ऐकली, पण असं अंगावर काटा आणणारं काही मी बघितलं न्हवतं. मालक मागं येऊन उभे व्हते. तेबी टोपी काढून उभे राहिले.

ओळीच्या टोकाला येऊन ती थांबली. डोळे उघडले अन् म्हणली, वासरू आलं न्हाई.

मला त्याच क्षणी कळलं वासरू कुठं हाय. घटापुढं, फुलाखाली. अन् हितं मी पाप केलं, ते सांगते. मी बोलले न्हाई. घट अजून बसलेला. घटापुढं वाहिलेली वस्तू घट उठायच्या आत उचलायची म्हणजे घरावर संकट, असं आमच्यात मानतात. कुंकू पुसलं ते मी माझ्या डोक्यावर घेतलं व्हतं. पण हे तर घराचं व्हतं, अन् घरात माझी दोन लेकरं, धाकटं नुकतं चालायला लागलेलं. रूपाबाई उठून विहिरीवर गेली अन् मी टाकलेली राख चाळणीत घेऊन चाळायला लागली. दिवस कासराभर वर आला व्हता. हिंगोली पंधरा कोस. ती राख चाळत व्हती, बोटांनी चिंचेचा चोथा पिळून बघत व्हती, दगडांच्या सांदीत बघत व्हती. एकदासुद्धा माझ्याकडं वर बघितलं न्हाई तिनं. तिच्या पाठीवर घाम आलेला मला दिसत व्हता.

दोन पाट्या राख तिनं चाळली. तिसरी घ्यायला वाकली तवा मी उठले. देवघरात गेले, घटापुढं गुडघे टेकले. आई, तुझ्यापुढंबी एक विधवा लेकरं घेऊन आली असती तर तू काय केलं असतं, असं म्हणले अन् फूल बाजूला करून ते बोंड उचललं. विहिरीवर जाऊन तिच्या हातात ठेवलं. मला ठाऊक व्हतं, रूपाबाई, असं सांगितलं. आयुष्यात पयल्यांदा मी तिला रूपाबाई म्हणले. तिनं ते बोंड डोळ्याला लावलं, उजेडाकडं धरून भोकातून बघितलं, अन् म्हणली, चला, उशीर झाला.

जोडायला तीन तास लागणार व्हते, तिनं दोनात जोडली. पेट्रोल घातलं. किक मारली, काही न्हाई. दुसरी मारली, काही न्हाई. ती वाकली, कुठंतरी एक तार इकडची तिकडं केली, अन् तिसऱ्या किकला फटफटीनं असा आवाज केला की गोठ्यातली गाय दावं तोडून पळाली. मी रडले. मला रडायला येत न्हाई सहसा, पण मी तोंडात पदर कोंबून रडले.

तिच्या घागऱ्याचा घेर साखळीत जाईल म्हणून मी माझं धुवट लुगडं दिलं, कासोटा घालून. तुमचं लुगडं मळंल बाई, म्हणली. मी म्हणले, मळू दे. मालकांनी साक्षीला मागं बसून जायचं ठरलेलं. पण वेशीत गाव जमलं व्हतं, अन् बाईच्या मागं बसायची वेळ आली तवा मालक दोन पावलं मागं सरकले. मला तू जा म्हणायलाबी त्यांना लाज वाटंना! मी घोंगडी घडी करून मागच्या जाळीवर टाकली अन् बसले. डोक्यावरचा पदर दातात धरला, रूपाबाईच्या कमरेला मिठी घातली.

मी जन्मात बैलगाडीशिवाय कशात बसले न्हवते. काय सांगू? झाडं मागं पळून राहिली. डोळ्यात पाणी, कानात वारा. कळमनुरीच्या माणसांनी तोंडात बोटं घातली. एक म्हातारी देवी आली म्हणून हात जोडून उभी राहिली, अन् खरं सांगते, मला ते चुकीचं वाटलं न्हाई. कयाधूला पाणी गुडघाभर. रूपाबाईनं गाडी बंद केली, लुगड्यावर घेतलेली आपली ओढणी काढून त्या तारांभोवती गुंडाळली, अन् आमी दोघींनी ढकलत ढकलत ती पल्याड न्हेली. पाटलाची सून अन् तांड्यावरची बाई, दोघी कमरेपर्यंत चिखलानं माखलेल्या. मध्येच माझा पाय घसरला तवा तिनं एका हातानं गाडी धरली अन् एका हातानं मला. पल्याड पुन्हा किक मारली, अन् पुन्हा ती बोलली.

जिनिंगच्या फाटकात पोचलो तवा पूजेची तयारी झाली व्हती. हारतुरे, नारळ, भटजी, अन् बाजूला नवा माणूस उभा, न्हाऊन-धुऊन. आवाज ऐकून सगळे बाहेर आले. शेठनं आमच्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं, अन् हसला. म्हणला, पाटलाच्या लेकानं आमच्या वेशीपर्यंत आणून दिली असंल, वेशीतून हिनं आणली. अन् लोक हसले. रूपाबाईनं बोलून काय व्हणार व्हतं, तिचा शब्द कोण धरणार?

परक्या माणसापुढं मी कधी पदर मागं केला न्हवता. त्या दिवशी केला.

"ज्यांची ही फटफटी, त्यांच्या घरातली मी," मी म्हणले. "आज सकाळी ह्या गाडीचा खुर्दा राखेनं घासून मी एकात एक केला. हिनं माझ्या अंगणात बसून तो जोडला अन् हिच्या मागं बसून मी पंधरा कोस आले. इश्वास नसंल तर तुमचं इंजिन खोला अन् मला घासायला द्या, मंग बघा ही काय करती."

हसणं थांबलं. शेठनं माझ्या चिखलाच्या पायांकडं बघितलं. इंजिन घासायला द्यायची त्याची छाती झाली न्हाई. त्यानं नव्या माणसाच्या हातातला नारळ घेतला अन् रूपाबाईपुढं धरला. भटजी कुरकुरला, बाई, अन् त्यातून विधवा. शेठ शब्दाला जागला एवढं मात्र म्हणावं लागंल. रूपाबाईनं एका दणक्यात नारळ फोडला.

मंग शेठ म्हणला, काम तुझं. पण इंजिनावर बाईचं नाव हजेरीत चालायचं न्हाई, बाकीचे गडी ऐकायचे न्हाईत. धनसिंगाचं नाव अजून काढलं न्हाई, तेच राहील. रोज सकाळी ते पुकारलं की हाजिर म्हणायचं. माझं डोकं भडकलं. मी तोंड उघडणार एवढ्यात रूपाबाई म्हणली, बराबर.

दसऱ्याला पोरींना न्यायला आली तवा तिनंच मला बाळापुरात आणून सोडलं. घरावर संकट आलं न्हाई, लेकरं माझी खणखणीत राहिली. पण ती हजेरीची गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. सगळं हिनं करायचं अन् नाव मेलेल्या माणसाचं? पौषात मालक कापूस घालायला हिंगोलीला निघाले तवा मी गाडीत चढून बसले. ठरवलंच व्हतं, शेठला चार शब्द सुनवायचे.

पोचलो तर सकाळची हजेरी चालू. शंभर-दीडशे माणसं, मुनीम नावं पुकारून राहिला. धर्मसिंग, हाजिर. उत्तमसिंग, हाजिर. मंग त्यानं पुकारलं, धनसिंग. अन् त्या सगळ्या गड्यांतून रूपाबाईचा आवाज आला, हाजिर. तेलानं काळे हात, कोपरापर्यंत. कुणी हसलं न्हाई. मी तिच्या मागं मागं इंजिनाच्या खोलीत गेले अन् म्हणले, तुला चालंल, मला चालणार न्हाई, आज शेठला तुझं नाव लावायला लावते.

तिनं सरकीच्या कापसानं हात पुसले.

"राहू द्या बाई," म्हणली. "मला त्याचं नाव घेता येत न्हाई. जिता व्हता तवाबी कदी घेतलं न्हाई. हे लोक रोज सकाळी घेतात."

अन् तिनं वाकून इंजिनाच्या मोठ्या चाकाला हात घातला. मी तशीच बाहेर आले. मालकांनी विचारलं, बोललीस का शेठला? मी म्हणले, न्हाई, चला घरी.